वजनाच्या दिवशी मिरच्या

अंगणवाडीत मदतनीस लागली तवा माही पोरगी अंगावर पीत होती, अन मी आठवी नापास. भेव एवढं, का कोनी म्हटलं "तपासनीच्या म्याडम येऊन राह्यल्या", का मी खिचडी हालवाले धावे. चूल पेटली नसली तरीबी.

शिकवाले सेविकाताई होत्या. पोरगं झोळीत कसं टांगाचं, काट्याची सुई कशी पाहाची, सारं त्याइनंच दाखवलं. एक दिवस म्हणे, "उद्या वजनं हायेत. हिंगणीहून म्याडम येनार. घरोघरी जाऊन बाया तू आनजो. आनल्या तं तुले ठेवाले मी म्याडमले सांगीन."

आता आमच्याकडं बाया वजनाले पोरं आनत नाईत. काट्यावर टांगलं का नजर लागते, पोरगं वाळते म्हनते. मी त्याइले काय समजावू? मले सोतालेच तसं वाटे, माही पोरगी मी एकदाबी टांगली नोती. मंग तोंडातून निघून गेलं, "या तं खरं. वजन झालं का तिथंच मीठमिरच्या उतरवून देतो."

साऱ्या आल्या बाप्पा. खोली एवढीशी, खिडकी एक. पोरगं उतरलं का मी मिरच्या ओवाळून चुलीत टाको. सारे खोकून राह्यले, पोट्टे रडून राह्यले, अन तेवढ्यात ताई म्याडमले घेऊन दारात. म्याडम डोये पुसत पुसत अंगनातच बसल्या. मले वाटलं, झालं, गेली नोकरी.

"काय करून राह्यली वं?" ताईनं इचारलं.

"नजर उतरवून राह्यली."

ताई बायाइकडं वळल्या. "मिरच्यांचा ठसका लागला का नाई?"

"लागला ना माय, जीव जाते."

"नजर असली तं ठसका लागते का?"

"नाई लागत," एक म्हातारी बोलली.

"मंग? काट्याची नजर लागतच नाई. मिरच्या बंद. अन आता हिची पोरगी टांगा, हे मदतनीस हाय आपली."

साऱ्या माह्याकडं पाहून राह्यल्या. म्याडमबी खोकत आत आल्या. टांगली पोरगी. सुई हाले, थांबेच ना.

"काऊन थांबत नाई वं?" म्याडम म्हणे.

ताई हळूच माह्या कानात बोलल्या, "बाई, तिचा पाय सोड. तूच वरतं उचलून राह्यली तिले."

सोडला. डोये मिटूनच सोडला.