एवढा लांब शब्द, आणि आजार केवढा!

मैत्रिणींनो, वसतिगृहाचा हा फलक फक्त सूचनांसाठी आहे, ठाऊक आहे मला. तरीही हा कागद टाचतेय, कारण आज मला राहवतच नाहीये!

सकाळी पिंपरीच्या दवाखान्यात, माझ्या शिकाऊ नर्सच्या पाळीत, माण गावचे एक शेतकरी आले. "बाई, येवढं वाचून सांगा. मग चाकणला जाऊन सुपारी परत देतो."

त्यांच्या लेकीचं लग्न चाकणच्या घरात ठरलंय; सुपारी परत दिली की लग्न मोडलंच. महिन्यापूर्वी ती आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी इंग्रजीत चिठ्ठी दिली. गावच्या मास्तरांनी अक्षर अक्षर जुळवून आजाराचं नाव वाचलं आणि घराची झोप उडाली. एवढा लांब शब्द, म्हणजे रोगही मोठाच! चिठ्ठी देव्हाऱ्यात गेली, लेकीला रोज अंगारा लागला.

मी चिठ्ठी उघडली. रायनोफॅरिंजायटिस! मलाही नवाच. मग वर्गात घोकलेले ग्रीक तुकडे आठवले. रायनो म्हणजे नाक. फॅरिंज म्हणजे घसा. आयटिस म्हणजे सूज.

"काका, हे पडसं आहे, पडसं!" मी ओरडलेच.

"पडसं? ते तर चार दिसांत गेलं. आमी मोठ्या रोगाची वाट बघत बसलो हुतो."

चिठ्ठीच्या मागे मी ठळक मराठीत 'पडसं' लिहिलं. सुपारी पुन्हा कनवटीला खोचून ते माणला परतले. जाताना म्हणाले, "मग डॉक्टरानं येवढंच का न्हाई लिवलं?"

स्वराज्य आलं, तरी चिठ्ठ्या इंग्रजीतच! काकांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे? खाली टाचण्या ठेवल्यात.