वरातीच्या मोटारीची चाल

सोलापुरात वरात म्हटली की आमची घोडी, हे माझ्या बापापासून चालत आलेलं. दुष्काळ सरला, लग्नं पुन्हा दणक्यात सुरू झाली, आणि त्याच लगीनसराईत एका बँडवाल्यानं मोटार आणली. मोटार कसली, नक्कल. खाली मोडकी जीप, वर पत्रा ठोकून राजेलोकांच्या गाडीचा थाट. लांब नाक, पितळी दिवे, मागं सिंहासन. मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस, पण मलाही कळत होतं, खरा राजा त्यात पाय ठेवणार नाही. नवरदेव मात्र रांगेनं बसले. माझी घोडी दारात चंदी खात उभी.

मग टेंभुर्णीजवळ मोटार ट्रकवर आदळली. नाक आत गेलं. बँडवाल्यानं ती विकायला काढली.

बायको म्हणाली, "अवो, घोडी इका आन ती मोटार घ्या की. हिला किती दिवस नुसतं चारायचं?"

गेलो बघायला. फिटर म्हणाला, "मामा, नाक सरळ करून देतो. वाऱ्यागत पळंल."

"पळून काय करायचंय? चालती का, ते सांग."

तो फिदीफिदी हसला. त्यानं वरात कधी बघितलीच नव्हती जणू. नवी पेठेत बँड दुकानागणिक थांबतो, पोरं रस्त्यात लोळून नाचतात. घोडीला ते अंगवळणी पडलेलं असतं. मी हटून बसलो, वरातीच्या चालीनं चालवून दाखव, मगच बोलणं.

मी पुढं, मोटार मागं. दोन पावलं चालायचं, थांबायचं. तिसऱ्या दुकानापाशी नाकातनं वाफ निघाली.

"धडकेनं झालं असंल," फिटर म्हणाला.

"न्हाय वो," बँडवाला पडलेल्या आवाजात बोलला. "पयल्यापास्नं तापतीच. मदी मदी ढकलतो आमी."

ढकलायची मोटार, आणि तीही नवरदेवाखाली? मी पाठ फिरवली.

ती एका मांडववाल्यानं घेतली, नाक ठोकून घेतलं. मी वाट बघत बसलो. पहिल्याच वरातीत उकळली. लोक हसतील म्हणून मी चौकात मुद्दाम उभा होतो. तर वरबाप काय म्हणाला? "मेव्हण्यांनी ढकला. आमच्यात तसंच असतंय."

झालं! दोन लगीनसराया गेल्या आणि तो मानच होऊन बसला. ढकलणाऱ्या मेव्हण्यांना टॉवेल-टोपी, नारळ. न ढकलल्यावरनं रुसवे. मोटार चांगली चालत असली तरी चौक आला की बंद करायची. मांडववाल्यानं दुरुस्तीचं नावच टाकलं.

घोडी मंद्रूपच्या बाजारात गेली. दावं मी दुसऱ्याच्या हातात दिलं आणि मागं बघितलं नाही.

पुतणीच्या लग्नात मेव्हणे कमी पडले, टॉवेल-टोपी माझ्यापुढंही आली. मी हात लावला नाही. वरमाई दोन दिवस जेवली नाही म्हणतात, नसंल जेवली.

"त्या वक्ताला घेतली असती," बायको म्हणाली, "तर आज लोकांनी ढकलली असती आन तुमी खुर्चीत बसला असता."

"मोटार तापतीच," मी म्हणालो.

"व्हय," ती माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "मोटारच तापती."