मगदूम सरांचा फरशीवरचा संगणक

सत्तरच्या दशकात सांगलीच्या कॉलेजात मी एम.एस्सी.ला गणित घेतलं, तेव्हा मगदूम सर पहिल्यांदा दिसले ते वर्गाच्या फरशीवर खडूने चौकोन आखताना. संगणकाचा ज्यादा विषय ते हौसेने शिकवत, आणि संगणक होता पुण्यात. आमच्या प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं एस.टी.ने पुण्याला जात, उत्तर यायला आठवडा लागे. एक स्वल्पविराम चुकला की आठवडा पाण्यात. म्हणून प्रोग्राम आधी माणसांवर चालवायचा, असा सरांचा दंडक. एक चौकोन म्हणजे संगणकाच्या स्मृतीतला एक कप्पा. प्रत्येकाने एकेका चौकोनात पाटी घेऊन बसायचं, सर सूचना वाचणार, नवा आकडा आला की जुना पुसायचा. मी थक्क होऊन पाहत राहिलो होतो.

शेवटच्या वर्षी स्वतंत्र अभ्यासासाठी मी विषय निवडला उसाचा: कारखान्याने कुणाचा फड कधी तोडावा. सरांना शेतीतलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. तसं सरळ सांगून ते माझ्याबरोबर इस्लामपूरच्या शिवारात हिंडले आणि शिकले. एवढा विद्वान माणूस विद्यार्थ्यापुढे 'मला येत नाही' म्हणतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अभ्यास अर्धा असतानाच वडील शिराळ्याहून मला कायमचं घरी न्यायला आले. थोरला भाऊ फौजेत, शेती बघायला कुणी नाही. वर्गात तेव्हा माझाच प्रोग्राम चालला होता आणि एक माणूस कमी होता. सरांनी वडिलांना नमस्कार केला, येण्याचं कारण ऐकून घेतलं आणि त्यांना मोकळ्या चौकोनात बसवलं. पाळी आलेल्या शेतकऱ्याचा नंबर पाटीवर लिहायचं काम त्यांना दिलं. थोड्याच वेळात हिशेब बिनसला. वडिलांनी जुना नंबर पुसलाच नव्हता, नवा त्याच्याखाली लिहिला होता. मुलं हसली. सरांनी त्यांना नजरेनेच गप्प केलं आणि वडिलांना कारण विचारलं.

"कुणाचा तरी ऊस हाय त्यो, मास्तर. पुसाय हात धजंना."

सर त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले. "यंत्राला असं काही वाटत नाही. म्हणून ते चालवणाऱ्याला वाटायला हवं. तुमचा मुलगा मला त्यासाठी हवाय. परीक्षेपर्यंत राहू द्या त्याला."

वडिलांनी तळहाताने पाटी पुसली. "चालवा म्होरं," म्हणाले, आणि संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत गेले.

त्यानंतर दर हंगामात ते नवा गूळ घेऊन सरांकडे जात, आणि परतताना म्हणत, "माझं आयुष्य मास्तरास्नी लागू दे." वडील आता नाहीत. सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. वडिलांना पुष्कळ आयुष्य लाभलं, धडधाकट लाभलं. सरांना त्याहून अधिक लाभो. हे मागणं माझं आहेच, पण माझ्याआधी ते त्यांचं आहे.