दानपेटीतला पासपोर्ट

अमेरिकेतल्या ॲन आर्बरहून निघाले तेव्हा विमानतळाची बस येईपर्यंत मी पासपोर्ट तीनदा चाचपला. जपानमध्ये क्योटोला कॉन्फरन्स होती आणि मला भेटायला आई-बाबा सांगलीहून थेट तिथे येणार होते. चार वर्षांत भेट नव्हती. अमेरिकेबाहेर पडले आणि परतताना व्हिसाचं काही अडकलं तर, या धास्तीने मी दोनदा भारताचं तिकीट कॅन्सल केलं होतं. तुमच्यापैकी इकडे आलेल्यांना हे कळेल. तिकडच्यांना तो बहाणा वाटतो, आणि त्यांचंही चूक नाही.

कॉन्फरन्स संपल्यावर एक अख्खा दिवस आमचा होता. अरुंद गल्ल्या, लाकडी घरं, देवळांमागून देवळं. दारात हात धुणं, घंटा वाजवणं बघून आई अगदी खुशीत होती. मी मात्र उद्याच्या इमिग्रेशनच्या रांगेत मनाने आधीच उभी होते. एका देवळात तिने ते ओळखलं.

"पासपोर्ट दे बघू. देवापुढे ठेवते."

"आई, हा आपला देव नाही गं."

"असू दे. नमस्कार सगळ्यांनाच पोचतो."

गाभाऱ्यासमोर लाकडी पट्ट्यांची मोठी पेटी होती. आईला तो चौरंग वाटला. तिने पासपोर्ट त्यावर ठेवला, डोळे मिटून हात जोडले, आणि पासपोर्ट दोन पट्ट्यांमधून सरकत खाली गेला. ती दानपेटी होती.

पेटीला कुलूप होतं. किल्ली असलेले पुजारी बाहेर गेले होते. थांबा, असं तिथल्या बाईंनी खुणेने सांगितलं. आई रडवेली झाली.

"नाहीच मिळाला तर आमच्याबरोबर घरी चल. पुढचं पुढे बघू."

"मला घरीच जायचंय, आई!" मी ओरडले. "उद्या सकाळची फ्लाइट आहे माझी!"

आईने खाली बघत ओढणी नीट केली. बाबा उगाच पेटीकडे बघत राहिले. शब्द परत घ्यावेत असं फार वाटलं, पण तेव्हाही माझा जीव त्या पेटीतच होता.

अर्ध्या तासाने पुजारी आले. नाण्यांतून पासपोर्ट काढून त्यांनी आमच्यापुढे वाकून तो दोन्ही हातांनी दिला. आईने ओढणीने पुसून माझ्या हातात ठेवला.

इतकी वर्षं फोनवर ती विचारायची, "रूमवर पोचलीस का?" आता रोज संध्याकाळी मी लॅबमधून परतले की विचारते, "घरी पोचलीस का?" मी हो म्हणते.