दाऊंनी पाठ फिरवली

माणूस हा तोच माणूस आहे, हे यंत्राला पटवून देण्यात आमच्या आत्तोबांचा हात धरणारा अख्ख्या झाशीत सापडायचा नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी बँकेचं काम घेतलं. गावोगाव जाऊन खातेदारांचा अंगठा यंत्रावर लावून घ्यायचा, ओळख पटली की खातं चालू. तेव्हापासून ते माणसाच्या तोंडाकडे नंतर, बोटांकडे आधी पाहतात. माझ्या लग्नात सासरेबुवांनी नमस्काराला हात जोडले, तर आत्तोबा ते हात उघडून बघत म्हणाले, "वा! पहिल्या झटक्यात लागेल!" कुणाची बोटं कोरडी असली तर खिशातली खोबरेल तेलाची डबी काढून स्वतः चोळून देतात, आणि यंत्र अडलं तर त्यालाच समजावतात, "भैया, जरा नीट बघ की."

एकदा गरौठ्याकडच्या एका गावी मी त्यांच्यासोबत गेलो. तिथल्या एका विधवा बाईंचं खातं ओळख न पटल्यामुळे बंद पडलं होतं, पेन्शन अडकली होती. जन्मभर खडी फोडून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. दहाही बोटं लावून झाली, तेल झालं, कोमट पाणी झालं. यंत्र ढिम्म. उरला मोबाईलवर चेहरा दाखवण्याचा उपाय. पण आत्तोबा वयानं मोठे, तिकडच्या बोलीत 'दाऊ', म्हणून बाई घुंघट वर करीनात. "दाऊ, बड़े-बूढ़न के आगें हम मौं नईं खोलत." सून विनवू लागली, सरपंच चिडले. आत्तोबांनी सगळ्या पुरुषांना अंगणाबाहेर काढलं, मोबाईल बाईंच्या हाती दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"गोला दिख रहा है? उसमें चेहरा लाओ. अब पलक झपकाओ."

सून सांगत गेली, पडद्यावर आधी छप्पर आलं, मग शेळी आली. भर उन्हात पाऊण तास हा माणूस भिंतीशी बोलत होता, आवाज एकदाही चढला नाही. शेवटी सून ओरडली, "हरो हो गओ!" पडद्यावर हिरवी खूण उमटली होती. घुंघटाआडून हुंदका आला. मग आत्तोबा वळले आणि पडद्यावरचं बाईंचं पूर्ण नाव त्यांनी मोठ्यानं, एखाद्या मानपत्रासारखं वाचलं.

परतताना त्यांनी झाशीतल्या लक्ष्मी ताल या तळ्याशी स्कूटर थांबवली. मी भारावून काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाले, "अरे, तीस वर्षं खिडकीतून तिकिटं दिली मी. समोर रोज हजार हात यायचे. एकालाही कधी नाव विचारलं नाही रे."