धुक्यातल्या बाईचे केस

“मी काही हात लावलेला नाही हं,” मी विचारण्याआधीच शैलाकाकू म्हणाल्या. मला तिथंच शंका आली.

मी पेपर कॉन्झर्व्हेटर, जुन्या कागदांची डॉक्टर म्हणा. इथं अमेरिकेत, पिस्कॅटवेला माझा छोटासा स्टुडिओ आहे. काकू शेजारच्या एडिसनहून एक पेन्सिल ड्रॉइंग घेऊन आल्या होत्या. मिटल्या डोळ्यांची बाई, मोकळे केस आणि सगळीकडे करडं धुकं. सिम्बॉलिस्ट चित्र. या चित्रकारांना समोर बसलेली बाई नको असायची, स्वप्नात आलेली हवी असायची.

काकांचं ते फार लाडकं. रोजचा चहा तिच्यासमोर बसून व्हायचा. काकू तिला सरळ सवतच म्हणायच्या. काका महिनाभर पुण्याला गेले होते, शनिवारी परतणार होते.

“तेवढ्यात तिचं तोंड धुऊन दे. किती मळलीय! यांना सरप्राइज.”

मी मायक्रोस्कोप लावला. मळ निस्तेज दिसतो, पेन्सिल चमकते. धुकं चमकत होतं. म्हणजे ते चित्रकारानंच बोटानं घासून केलेलं. पण खांद्यापाशी क्वार्टरच्या नाण्याएवढा पांढरा गोल होता आणि त्यात गव्हाचा कोंडा.

“काकू, कणीक?”

“अगं, भिंतीवरचे डाग छान निघतात कणकेच्या गोळ्यानं! मळ नव्हता तो?”

“केस होते.”

“अगं बाई!” त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. “आता यांना काय तोंड दाखवू? दोन बटा काढून दे ना. तुझा हात चांगला आहे.”

दहा मिनिटांचं काम होतं. मलाही वाईट वाटत होतं. “नाही काकू. चित्रकाराच्या नावावर आपण रेघ ओढायची नसते. ते रिपेअर नाही, लबाडी आहे.”

मी मऊ ब्रशनं कोंडा काढला, नाहीतर किडे लागतात. मग काकूंना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. धुक्यात चित्रकाराच्या बोटाचा ठसा होता. काकू अर्धा तास उठल्या नाहीत.

“मेल्यानं किती जीव लावून घासलंय गं!”

शनिवारी काकांचा फोन.

“काकूनं एअरपोर्टवरच सगळं सांगितलं,” ते म्हणाले आणि हसायला लागले. “तीस वर्षं म्हणतोय, एकदा नीट बघ तिच्याकडे. आज घरापर्यंत मलाच धुकं समजावून सांगत होती. मला बोलूच दिलं नाही!”

धडा एवढाच: पेन्सिलच्या चित्राला कणीक लावू नये. लावायचीच, तर आधी चाळून घ्यावी.