मामांच्या घरपट्टीतून

यमुनेपासून अरवलीपर्यंत घरपट्टी हौसेने भरणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. लोक तीर्थाला जातात तसे मामा नगर निगमच्या खिडकीवर जायचे. पहाटे अंघोळ, इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. पहिल्या वर्षी खिडकीतला बाबू पुडा बघून घाबरलाच. म्हणाला, "अंकलजी, पहले काम बताइए, मिठाई बाद में." काम काही नाही, नुसता कर भरायचाय, असं मामांनी सांगताच त्याने आतून साहेबांना बोलावलं, आणि साहेबांनी मामांना खुर्ची देऊन घरी सगळं ठीक आहे ना, अशी हळू आवाजात चौकशी केली, म्हणतात.

केंद्र सरकारची नोकरी संपवून मामा फरीदाबादला आमच्याच गल्लीत घर बांधून राहिले. त्यांचा सिद्धांत असा की ज्याने कर भरला, वस्तू त्याची. पाहुणा आला की चहाआधी त्याला मालमत्ता दाखवायला बाहेर काढत. "हा दिव्याचा खांब माझा. हे बाक माझं. यात आमच्या शेजाऱ्याचाही वाटा असता, पण तो तीन मजले बांधून एकाचाच कर भरतो, तेव्हा त्याने उभंच राहावं." एखाद्या कुत्र्याने खांबापाशी पाय वर केला की मामा गच्चीवरून गरजत, "अरे, विचारून!" कुत्री बिचारी खरोखरच पाय खाली घेत. मी डोळ्यांनी पाहिलंय.

एकदा निगमने थकबाकीदारांचं व्याज माफ केलं. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "जावईबापू, चुकवणाऱ्याला सूट आणि भरणाऱ्याला पावती! उद्या हे चोराला भाडं देतील आणि आपल्याला म्हणतील, टाळ्या वाजवा." त्याच सुमारास चौकात पार्षदांच्या, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकाच्या, कृपेने सेल्फी पॉइंट उभा राहिला: पुरुषभर उंचीचा गुलाबी बदाम, आतून लखलखणारा. आणि आमच्या गल्लीच्या वळणावरचं गटाराचं झाकण त्याच महिन्यात चोरीला गेलं. मामा म्हणाले, "सोय उत्तम आहे. आत कोण पडलंय ते बदामाच्या उजेडात नीट दिसेल."

गल्लीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष, ज्यांना इकडे प्रधानजी म्हणतात, वर्गणी मागायला आले. मामा गणपतीची वर्गणी मागायच्या आत देत, पण ही नाही.

"अंकलजी, एक ढक्कन की तो बात है. निगम के भरोसे बैठे तो कोई मर जाएगा."

"तो मरने से पहले निगम लगाए. गेट आपने लगाया, गार्ड आपने रखा, पानी का टैंकर आप मंगवाते हो. ढक्कन भी आपने लगाया, तो निगम बदाम ही बनाएगा, प्रधानजी!"

बोलणं बिनतोड होतं आणि शिवाय खिसा वाचवणारं, त्यामुळे अख्खी गल्ली एका संध्याकाळीत तत्त्वनिष्ठ झाली. मीसुद्धा. प्रधानजी हात झटकून परत गेले. मामींनी दारातून एवढंच म्हटलं, "अहो, तत्त्व राहू द्या तुमचं, एखादी फळी तरी टाका." मामा म्हणाले, "फळी म्हणजे पळवाट."

पण मामा काही दुष्ट नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते वेताची खुर्ची, शिट्टी आणि काठीला बांधलेली मामींच्या लाल साडीची चिंधी घेऊन खड्ड्यापाशी पहाऱ्याला बसले. शाळकरी मुलांना हात धरून पलीकडे नेत. दुधवाल्याला शिट्टी, भाजीवाल्याला शिट्टी, आणि रोज एक तक्रार निगमला. मात्र दुपारी ते वामकुक्षीला गेले की मामी पदराखाली सणावारी जेवायला घ्यायच्या जोडीतला एक पाट आणून हळूच खड्ड्यावर ठेवायच्या, आणि चहाच्या वेळेआधी उचलून न्यायच्या. अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. मामांना सांगायची कुणाची छाती नव्हती. मला त्या म्हणाल्या होत्या, "पुरता बसत नाही हो, पण एक पाय तरी वाचेल."

डिसेंबरात धुकं असं पडलं की आपलाच हात परका वाटावा. मामा तापाने अंथरुणाला खिळले. सकाळी शाळेच्या बसची वेळ झाली, पहाऱ्याला कुणी नाही, म्हणून मामी पाट घेऊन एकट्याच बाहेर पडल्या.

बदाम लखलखत होता. त्या धुक्यात त्याच्या उजेडाने काहीही दिसलं नाही.

प्रधानजींनी आणि मी त्यांना वर काढलं. खुबा मोडला होता. पुढे छातीत कफ झाला आणि मामी इस्पितळातून परत आल्या नाहीत. पाट गटाराच्या कडेला अडकलेला सापडला. मामांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि मला विचारलं, "हा इथे रोज असायचा?" मी मान हलवली. 

तेराव्याच्या आत झाकण बसलं. लोखंडी, जाड, नवंकोरं. पार्षद हार घालून घ्यायला आले होते. आता मामा यांना सोलून काढणार म्हणून गल्ली श्वास रोखून उभी होती. मामा आपल्या बाकावर बसून राहिले. उन्हाळ्यात उद्यानाजवळचं झाकण गेलं, तेव्हा प्रधानजींच्या दारी वर्गणी घेऊन पहिले मामा पोहोचले. प्रधानजी पावतीपुस्तक काढू लागले, तर मामा हातानेच नको म्हणाले आणि वळले. घरपट्टी त्यांनी याही वर्षी पहिल्याच दिवशी भरली. पेढे मात्र नेले नाहीत. बाबूने विचारलं म्हणे, "अंकलजी, तबीयत ठीक है ना?"

परवा माझे साडू पुण्याहून आले होते. मामांनी त्यांना सवयीने बाहेर नेलं. हा खांब माझा, हे बाक माझं. वळणावर मामांनी चपलेचा पाय लागू नये म्हणून झाकणाला लांबून वळसा घातला. साडू थट्टेने म्हणाले, "मामा, हे झाकण राहिलं की! हेही तुमचंच ना?"

मामा थांबले. खांबाकडे बघितलं, मग खाली.

"छे," ते म्हणाले, "ते हिचं आहे."